सुईच्या रांगेतली हजेरी

क्षय झालेल्या माणसाला सगळ्यात आधी काय हवं असतं, ते मला आता ठाऊक आहे. त्याला मोकळेपणी खोकता येईल अशी जागा हवी असते. घरात खोकावं तर घरचे कान टवकारतात, रस्त्यात खोकावं तर माणसं बाजूला होतात. आमच्या आरोग्य केंद्राच्या मागे, कडुनिंबाखाली मी पहिल्यांदा पोटभर खोकले, तेव्हा इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

हे लिही असं मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. केंद्रात नव्याने येणाऱ्या बायका डॉक्टरांचं सगळं ऐकतात, मान हलवतात आणि घरी जाऊन गोळ्या पिठाच्या डब्यात लपवतात. "तू सातवी शिकलीस ना, मग लिही. मी त्यांना वाचून दाखवीन," असं त्या म्हणाल्या. शुद्धलेखन तपासून देतो असं माझ्या शाळेचे गुरुजी म्हणाले होते, पण कागद मी त्यांच्या हाती लागू दिले नाहीत. ह्यात त्यांच्याबद्दलही लिहायचं आहे, आणि ते लाल पेन्सिल घेऊन बसले तर माझी अर्धी कथा कापून टाकतील.

मी काही शहाणी नाही. बरी झाले, एवढाच माझा अधिकार.

गजरा

दुष्काळाचं वर्ष होतं. पावसाने लागोपाठ तोंड फिरवलेलं, आणि आमच्या वाडीतली धडधाकट माणसं सगळी पाझर तलावाच्या कामावर. आम्ही नवराबायकोही तिथेच. हे खणायचे, मी पाट्या वाहायची. धुळीने तिथे सगळेच खोकायचे, म्हणून माझ्या खोकल्याचं मला काही वाटलं नाही. संध्याकाळी अंगात कणकण यायची, ती उन्हावर ढकलली. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, तेव्हा मिलोच्या भाकरीला नावं ठेवली. ती रेशनची लाल ज्वारी कुणालाच मानवत नव्हती, तिच्यावर काहीही ढकलता यायचं.

एक दिवस बांधावर खोकले आणि थुंकीत लाल दिसलं. मी पायाने माती लोटली. मान वर केली तर हे कुदळ टेकवून माझ्याकडेच बघत होते.

केंद्रातल्या डॉक्टरांनी थुंकी घेतली आणि छातीचा फोटो काढायला नगरला पाठवलं. तिथे ह्यांनाच एकट्याला आत बोलावलं. मी बाकावर बसून राहिले. हे बाहेर आले ते सरळ चालायला लागले. एस.टी. स्टँडवर आलो, तर ह्यांनी माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला कधी रिबिनीचा तुकडा आणून दिला नव्हता.

"काय म्हनला डाक्टर?" मी विचारलं.

"काय न्हाई. अंगात रगत कमी हाय."

"रगत कमी असल्यावर गजरा घेत्यात व्हय?"

त्यावर हे तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला कळलं. शेजारी एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती, ती मला म्हणाली, "नवरा लई जीव लावतो गं तुला." मी म्हटलं, "व्हय ना." दुसरं काय बोलणार?

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी ठरवलं, घरी सांगायचं नाही. माझ्या नणंदेचं, शेवंताचं, लग्न ठरत आलं होतं. शेवगावकडचं स्थळ, मुलगी पसंत, सुपारी फुटायची तेवढी राहिलेली. घरात क्षय आहे म्हटल्यावर ते लोक पुन्हा पायरी चढले नसते. तेव्हा रक्त कमी आहे आणि ताकदीच्या सुया घ्यायच्या आहेत, असं सांगायचं ठरलं. गजरा मी गाडीच्या खिडकीतून टाकून दिला. घरी गजरा घालून गेले असते तर सासूबाईंना आजारापेक्षा त्याचाच जास्त संशय आला असता.

पेन्शनर मंडळी

आमचं केंद्र तिसगावच्या पुढे, बाजाराच्या गावी. तीन खोल्या आणि एक लांब ओसरी. डॉक्टर पोरसवदा, पण माणूस भला. दुष्काळी कामांवर पटकी येऊ नये म्हणून ते रोज कुठल्या ना कुठल्या बांधावर लस टोचत फिरत. मग केंद्रात कोण? तर पेन्शनर मंडळी.

एक होत्या मार्थाबाई सिस्टर. जन्म मिशनच्या दवाखान्यात घालवून पेन्शनीत निघालेल्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला. ह्या भागातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्या कुणालाही "मी तुझी नाळ कापलीय, मला शिकवू नकोस" असं म्हणू शकत. दुसरे हवालदार काका. फौजेतल्या दवाखान्यात सुया टोचण्यात त्यांची नोकरी झालेली. सकाळी येऊन स्टोव्ह पेटवायचे, काचेच्या पिचकाऱ्या उकळत टाकायचे, बोथट झालेल्या सुया दगडावर घासायचे, आणि मग ओरडायचे, "चलो, अगला!" दोघांना ह्याचा पगार नव्हता. मी एकदा काकांना विचारलं, तर म्हणाले, "घरी बसून म्हातारीशी भांडतो, त्यापेक्षा हितं तुमास्नी टोचतो. तिला बी आराम, मला बी."

सुया दिवसाआड होत्या, गोळ्या रोज. चालत जायचं, चालत यायचं. सुरुवातीला सुईनंतर कानात गुणगुण व्हायची, चालताना भेलकांडल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, आता बहिरी होणार. तीन दिवस कुणाला बोलले नाही. शेवटी सिस्टरना सांगितलं, तर त्यांनी डॉक्टरांकडून सुई थोडी कमी करून घेतली. तेव्हा माझ्यासारख्यांनो, जे होतंय ते त्या त्या वेळी सांगा. मुकाट सोसल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.

डॉक्टर म्हणायचे, दूध घ्या, अंडी खा. दुष्काळात गाईच्या आचळाला दूध नाही, आणि आमच्या सासूबाई गळ्यात माळ घातलेल्या, घरात अंड्याचं टरफल चालायचं नाही. सिस्टर आपल्या कोंबडीचं अंडं उकडून रुमालात बांधून आणायच्या आणि मला कडुनिंबाखाली उभं करून खायला लावायच्या. पहिल्या दिवशी मला मळमळलं. चौथ्या दिवशी मी रुमालाकडे आधी बघायला लागले.

सगळ्यात अवघड होतं ते बाळूचं. माझा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागलेला. सिस्टरनी बजावलं होतं, थुंकी साफ होईपर्यंत त्याला जवळ झोपवायचं नाही, त्याच्या तोंडाला तोंड लावायचं नाही. मी घरी सांगितलं, अंगात ताप असतो, मला झोप लागत नाही, बाळूला तुमच्याजवळ घ्या. सासूबाईंनी आनंदाने घेतला. नातवावर त्यांचा फार जीव. त्यांना जुना दमा होता, खोकत खोकतच त्या त्याला थोपटायच्या. भिंतीच्या अलीकडे मी पदर दातांत धरून पडलेली असायची. पण मनात समाधान होतं की पोर माझ्यापासून लांब आहे, सुरक्षित आहे.

काही महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली. डॉक्टर स्वतः ओसरीवर येऊन म्हणाले, "जंतू दिसत नाहीत. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. पण औषध सोडलंत तर सगळं मुसळ केरात." हवालदार काकांनी मला सलाम ठोकला. मी घरी गेले ती जवळजवळ पळतच. आता आणखी थोडे दिवस, एवढा उन्हाळा गेला की हळूच बाळूला माझ्याकडे घेणार होते, आणि कुणाला काही कळणारही नव्हतं.

हजेरी

त्याच सुमाराला गुरुजी रिटायर झाले. गुरुजी म्हणजे माझ्या माहेरच्या शाळेचे हेडमास्तर. उंच, काळी टोपी, बगलेत छत्री आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मारामारी करणारी पोरं जागच्या जागी थांबायची. निरोपाचा नारळ घेतल्यावर हा माणूस घरात चार दिवससुद्धा टिकला नाही. सरळ केंद्रात आले आणि सिस्टरना म्हणाले, "मला काम द्या."

सिस्टरनी त्यांना सुयांची रांग लावायला सांगितलं. एवढंच. पण गुरुजींच्या हाती माणसांची रांग आणि नावांची वही आली म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच. त्यांनी हजेरी सुरू केली. खणखणीत आवाजात नाव पुकारायचं, ज्याचं नाव त्याने "हजर" म्हणायचं. म्हातारेकोतारे हसायचे आणि म्हणायचे सुद्धा. हवालदार काकांना तर ही शिस्त फार आवडली.

मी त्या आठवड्यात पहिल्यांदा गेले तो दिवस नेमका बाजाराचा. ओसरीच्या एका अंगाला आम्ही सुईवाले, दुसऱ्या अंगाला बाजारला आलेली गर्दी. कुणाचं गळू, कुणाचं खरूज, कुणाला फुकटची सावली हवी. मी पदर कपाळाखाली ओढून बसले होते.

"कुसुम पांडुरंग!"

"हजर," मी पदरातून म्हटलं.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. मग ते खुर्चीतून उठले.

"अगं, तू रंगनाथची कुसुम ना? सातवीच्या परीक्षेला सगळ्या केंद्रात पहिली आलेली?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा जो फुलला, तो मला अजून दिसतो. दोन ढांगांत माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या ओसरीला म्हणाले, "इकडे लक्ष द्या सगळे! ही माझी विद्यार्थिनी. हिला क्षय झाला आहे. पण लाजते का? लपून बसते का? नियमाने येते, सुई घेते आणि आता बरी होत आली आहे. असं धैर्य पाहिजे! टाळ्या वाजवा हिच्यासाठी!"

आणि टाळ्या वाजल्या हो. त्या माणसाने सांगितलं की लोक वाजवतातच. आयुष्यभर ज्या मुलाने चांगलं केलं त्याला वर्गापुढे उभं करायचं, एवढीच त्यांची शिकवण्याची रीत. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. गर्दीत आमच्या वाडीची भागूबाई होती, नातवाच्या गळवाला पट्टी बांधायला आलेली. तीही टाळ्या वाजवत होती, आणि माझ्याकडे डोळे फाडून बघत होती.

जर्मनची ताटली

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. भागूबाई बैलगाडीने आली, मी पायी.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. बाळू त्यांच्या कडेवर.

"खरं हाय का?"

"व्हय, आत्याबाई."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाळूचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं, आत गेल्या आणि कडी लावली. शेवंता बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले.

"वयनी, माजं लगीन हुईपत्तूर बी तुला दम निघाला न्हाई का गं?"

ह्यावर मी काय सांगणार होते? गुरुजींनी टाळ्या वाजवायला लावल्या, हे?

संध्याकाळी हे आले तेव्हा मायलेकरांचं भांडण झालं. "मला ठावं हुतं, आये. मीच सांगू नको म्हनलं," असं ह्यांनी स्पष्ट सांगितलं. तेवढ्याने माझी अर्धी चूक त्यांच्या अंगावर गेली, पण माझी जागा काही बदलली नाही. गोठ्याशेजारच्या पडवीत माझं अंथरूण पडलं. जर्मनची, म्हणजे हलक्या ॲल्युमिनियमची, एक ताटली आणि एक पेला वेगळा निघाला. सासूबाई लांबून भाकरी टाकायच्या. आणि एक हुकूम झाला, "आता त्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. झाली तेवढी शोभा बास झाली."

शेवगावच्या लोकांनी आठ दिवसांत निरोप धाडला, यंदा कर्तव्य नाही.

मी सुया सोडल्या. सासूबाईंनी सांगितलं म्हणून सोडल्या, हे खरं. पण त्या ओसरीवर पुन्हा जाऊन बसायचं माझंही मन होत नव्हतं, हेही तितकंच खरं. हे म्हणायचे, थोडं थांब, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत, आणि माझ्या अंगात पुन्हा कणकण यायला लागली. पडवीतून मला घरातला प्रत्येक आवाज ऐकू यायचा. बाळू पहिल्या पहिल्यांदा दाराशी येऊन "आये" म्हणून हाका मारायचा. पुढे त्याने माझं नाव घेणं कमी केलं. तो आजीजवळ हसायचा, तिच्या कुशीत झोपायचा. मला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी मेले आणि त्याला माझा चेहराच आठवला नाही, तर काय, ही भीती त्याहून मोठी होती.

टोपी

केंद्रात मी दिसेना, तेव्हा गुरुजींनी सिस्टरना विचारलं, "आमची कुसुम गैरहजर का?" सिस्टरना वाडीतून सगळं कळलेलं होतं. पुढे त्यांनीच मला सांगितलं, की त्या दिवशी त्यांनी गुरुजींना सगळ्यांदेखत नव्हे, आत औषधाच्या खोलीत नेऊन झाडलं. "गुरुजी, शाळेत नाव पुकारलं की पोराची छाती फुगते. इथे नाव पुकारलं की माणूस घरातून उठतं." गुरुजींनी तिथल्या तिथे विचारलं म्हणे, छकडा कुणाचा मिळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात छकडा येऊन थांबला. त्यातून सिस्टर उतरल्या, हवालदार काका पत्र्याची पेटी घेऊन उतरले आणि सगळ्यात शेवटी गुरुजी. सासूबाई बाळूला कडेवर घेऊन पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं की पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली, वाकले आणि सासूबाईंच्या पायांशी ठेवली.

आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांत अडला म्हणजे मुलीचा बाप व्याह्याच्या पायावर टोपी ठेवतो. ज्या हेडमास्तरांना पाहून सरपंच उठून उभा राहायचा, त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"गुर्जी! आवो, ह्ये काय करताय!" सासूबाई मागे सरकल्या.

"तिचे वडील हयात नाहीत. म्हणून मी ठेवतो. चूक माझी आहे, बाई. माझं तोंड आवरलं नाही. शिक्षा मला करा, पोरीचं औषध बंद करू नका."

"उचला आधी, उचला," असं म्हणता म्हणता सासूबाईंना खोकला आला. तो नेहमीसारखा थांबेना. बाळूला कडेवर धरून, भिंतीला टेकून त्या खोकत राहिल्या. बाळू त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

सिस्टर टोपीचं सगळं विसरून त्यांच्याकडे निघाल्या.

"हा खोकला कधीपासूनचा?"

"ह्यो? दमा हाय माजा. लई जुना."

"संध्याकाळी ताप? अंगाला घाम?"

"वय झाल्यावर येतोच की घाम."

"आणि बाळ कुणापाशी झोपतं?"

"माज्यापशीच. हिच्यापशी कसं झोपवू, हिला ह्यो असला रोग!"

सिस्टर आणि हवालदार काकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत मला कळलं. ज्या पोराला मी माझ्यापासून वाचवलं, त्याला मी कुठे नेऊन ठेवलं होतं! त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी पडवीतून ओरडले, "आत्याबाई, बाळूला खाली ठेवा! आधी खाली ठेवा त्याला!"

सासूबाई इतक्या दचकल्या की त्यांनी खरोखर खाली ठेवला.

थुंकीची डबी

थुंकी द्यायला त्या मुळीच तयार होईनात. "मी माळकरी बाई. मला असलं काय व्हत न्हाई." सिस्टर समजावून थकल्या. तेव्हा गुरुजी टोपी झटकून डोक्यावर घालत म्हणाले, "आधी मी देतो. द्या मला डबी."

ते गोठ्यामागे गेले. तिकडून खाकरण्याचा, खोकण्याचा, घसा खरवडण्याचा जो काही आवाज सुरू झाला, त्याने बैल दावं ताणून उभे राहिले. बराच वेळ झाला. मग गुरुजी कोरडी डबी घेऊन बाहेर आले आणि शाळेतल्या नापास पोरासारखे म्हणाले, "येत नाही हो."

हवालदार काका पोट धरून हसले. शेवंता किती दिवसांनी हसली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांनाही हसू फुटलं, आणि हसताना पुन्हा खोकला आला. सिस्टरनी तेवढ्यात डबी पुढे केली.

त्याच दिवशी काकांनी अंगणात माझी सुई पुन्हा सुरू केली. कुणी अडवलं नाही.

तपासणीचा निकाल सांगायला गुरुजीच आले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना पाहिलं. सासूबाईंच्या कानाशी वाकून त्यांनी सांगितलं. समोर उभ्या असलेल्या शेवंतालासुद्धा ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, "आन् पोराला?"

बाळूला नगरला नेलं. माझीही थुंकी पुन्हा पाहिली. ते दोन दिवस मी काय खाल्लं, कुठे बसले, मला आठवत नाही. देवाला सगळं कबूल करून बसले. बाळूची छाती स्वच्छ निघाली. माझी थुंकीही साफ होती. बाळूला डॉक्टरांनी काळजी म्हणून गोळ्या दिल्या, त्या तो गुळात चिरडून खायचा.

आता सासूबाईंच्या सुया चालू आहेत. माझ्या गोळ्या संपत आल्या. आम्ही दोघी बरोबर जातो, वाटेत भांडतो, परतताना बाजारातून मीठमिरची आणतो. शेवगावचं स्थळ गेलं ते गेलंच. शेवंता कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलायची. नंतर भातकुडगावकडचं दुसरं स्थळ आलं, तेव्हा सासूबाईंनीच पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगून टाकलं, "आमच्या घरात दोघींना ह्यो रोग हाय. सुया चालू हायत. मुलीच्या छातीचा फोटू काढलाय, ती चांगली हाय. बसायचं तर बसा." ते बसले. गुरुजी अजून ओसरीवर रांग लावतात, पण पुकारत नाहीत. प्रत्येकाजवळ जाऊन वाकतात आणि कानात सांगतात. त्यांची कंबर दुखते म्हणे आता.

इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण सिस्टर म्हणाल्या होत्या, खरं लिही. तेव्हा एक संध्याकाळ सांगायची राहिली आहे.

निकाल आला त्या दिवशी सासूबाई आपण होऊन पडवीत राहायला गेल्या. माझं अंथरूण गुंडाळून त्यांनी बाहेर ठेवलं, आपलं पसरलं. ती जर्मनची ताटलीही ओढून घेतली. मी बघत उभी होते आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आता कळू दे लांबून टाकलेली भाकरी कशी लागते, असं मनात आलं.

पुढे नगरहून परत आलो आणि मी बाळूला उचलून घरात आणलं. दार लावून त्याला कुशीत घेतलं. किती महिने ह्या एका गोष्टीसाठी मी सुया टोचून घेतल्या होत्या. बाळूने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं, "आजी!" मी त्याला छातीशी धरलं तर तो मला मुठींनी मारायला लागला. मी गूळ दिला, तो फेकला. अंगाई म्हटली, तर आणखी रडला. त्याला मी नको होते.

मीही रडले, आधी रागाने. मग पडवीतून काहीच आवाज येत नाही हे माझ्या लक्षात आलं. खोकल्याचाही नाही. बाळूची एकेक हाक तिथे जात होती, आणि तिकडून उत्तर येत नव्हतं. मी तिथे पडून त्याच्या हाका ऐकल्या होत्या. तिथे काय होतं, हे ह्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

मी दार उघडलं आणि बाळूला घेऊन अंगणाच्या अलीकडच्या टोकाला, तुळशीपाशी बसले. अजून उजेड होता, वारा वाहत होता. उघड्यावर, लांब असलं की भीती नाही, असं सिस्टरनी सांगितलेलं होतं.

"आत्याबाई, भाईर या."

"नगं. त्याला आत ने."

"हितनं लांब हाय. कडंला येऊन बसा. दिसू द्या त्याला."

त्या पडवीच्या टोकाला येऊन बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंडावर धरलेला. बाळू त्यांच्याकडे झेपावला, मी त्याला कमरेला धरून ठेवलं.

"हाक मारा त्याला," मी म्हटलं.

त्या पदराआडून इतक्या हळू बोलल्या की मला मान पुढे करावी लागली.

"माज्या आवाजानं तर काय व्हनार न्हाई ना गं त्याला?"

"न्हाई, आत्याबाई. आवाजानं काय व्हत न्हाई."

त्यांनी तोंडावरचा पदर थोडा बाजूला केला आणि त्याला हाक मारली.